एका घराचं नाव

“दोघांना वेगळं राहावं लागेल,” बालकल्याण विभागाची शिवानी म्हणाली. “मुलींची संस्था वेगळी, मुलांची वेगळी.”

थळच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली होती. दाराशी नऊ वर्षांची हेतल चार वर्षांच्या स्वराजला मांडीवर घेऊन बसली होती. आई तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. बाप, परेश, खुनाच्या आरोपाखाली दीड महिन्यापासून अलिबागच्या जेलात.

“गाव बघेल ना पोरांचं,” सोसायटीचे अध्यक्ष दयाराम म्हणाले.

“गाव म्हणजे कोण? मला कागदावर एका घराचं नाव लागतं.”

शेजारच्या केसरनं दुपारचं जेवण कबूल केलं. कुणी शाळेची ने-आण, कुणी वह्या-कपडे. पण घराचं कुणी बोलेना.

“माज्या घरी राहतील,” मागून कृष्णाबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दयाराम उठलेच. “तू नको, कृष्णाबाई. तुला कोन काय बोलनार न्हाय.”

“का नको?” शिवानीनं विचारलं.

“वय झालं म्हनतोय तो,” कृष्णाबाईच बोलली. “बासष्ट. अजून मासळीची पाटी डोक्यावर घेते. लिवा.”

शिवानीनं लिहिलं. तीन महिने बघायचं ठरलं.

पहिल्या भेटीत शिवानीला घर नीट दिसलं. पोरांच्या अंगावर धुतलेले कपडे होते. कृष्णाबाई मात्र खंगली होती. केसर हळूच म्हणाली, “आठ दिवस जेवलीच न्हाय. पोरांना वाढायची नि उठून भायेर जायची.”

हेतल कृष्णाबाईशी बोलत नव्हती. ताटातलं आधी स्वराजला भरवायची, मग स्वतः खायची. कृष्णाबाईही जवळ घ्यायला गेली नाही. सकाळी वेणी घालायची, तीही मुकाट्यानं.

दुसऱ्या महिन्यात स्वराजला ताप चढला. कृष्णाबाईनं त्याला खांद्यावर टाकलं आणि रिक्षा मिळेपर्यंत भर उन्हात चालत राहिली. दवाखान्यात दोन दिवस त्याच्या उशाशी बसली. तिसऱ्या दिवशी स्वराजनं डोळे उघडले आणि तिला “आजी” म्हणाला. ती उठून व्हरांड्यात गेली. बऱ्याच वेळानं आली, तेव्हा हेतलनं सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

तीन महिने झाले. शिवानीनं मुदत वाढवली.

एका संध्याकाळी वलांडीच्या बांबूंवरून वाळलेले बोंबील उतरवताना हेतल म्हणाली, “बाबाला बघायचंय.”

वलांडीवरचे उरलेले बोंबील कृष्णाबाईनं एकेक करून काढले, पाटी भरली.

“मंगळवारी जाऊ,” ती म्हणाली.

मंगळवारी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. हेतलच्या दोन वेण्या घातल्या, स्वराजचे केस चापून बसवले. एका डब्यात तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या. एसटीत हेतल तिला चिकटून बसली.

जेलच्या फाटकावर शिपायानं वही उघडली.

“कोणाला भेटायचं?”

“परेशला. ही त्याची पोरं.”

त्यानं दोघांची नावं लिहिली. शिवानीनं दिलेलं पत्र वाचलं, डबा उघडून पाहिला, तो आत चालणार नाही म्हणून परत दिला.

“आणि तुम्ही? आरोपीची आई?”

“न्हाय,” कृष्णाबाई म्हणाली. स्वराजचा हात तिनं घट्ट धरला होता. “त्यानं ज्याला मारलं, त्याची.”