अकरावं वाण

शुभाकाकूंनी काळी पिशवी पाठीमागे धरली आणि कादंबरीच्या दाराची बेल वाजवली. दहा घरं झाली होती, हे अकरावं आणि शेवटचं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला काकूंनी अकरा जणींना होस्टाचं वाण दिलं होतं. दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटून कंटाळा आला, म्हणून ही हौस. अळूसारख्या रुंद पानांची ही झाडं त्यांनी घरामागच्या ओकच्या झाडाच्या सावलीत वीस वर्षं लेकरासारखी वाढवली होती. गड्डे उपसले, अंगणात विळी मांडली आणि भोपळ्याच्या फोडी कराव्यात तसे एकामागून एक चिरले. पहिला चिरला तो सेलमधून आणलेला नवा. नेमका त्यालाच रोग होता.

परवा नर्सरीतल्या माणसानं पानं पाहिली आणि मान हलवली. हा व्हायरस, याला औषध नाही. पात्याला लागलेल्या रसातून तो पुढच्या प्रत्येक झाडात जातो. झाड लगेच मरत नाही, पण वर्षागणिक खुजं होतं, पानं कमी कमी होत जातात आणि एका वसंतात ते उगवतच नाही. मुळासकट उपटून कचऱ्यात टाका, एवढंच तो म्हणाला. काकूंनी काल स्वतःची सगळी झाडं उपटली. आज वाण परत मागायला निघाल्या होत्या. दिलेलं वाण परत मागणारी बाई अमेरिकेतल्या या अख्ख्या हर्नडन गावात त्या एकट्याच असतील.

दहा घरी निभावलं. दोघींची झाडं हरणांनी कधीच फस्त केली होती. एकीनं पानांच्या वड्या करून पाहिल्या होत्या आणि त्या बऱ्या लागल्या नाहीत, हेही तोंडावर सांगितलं. बाकीच्यांनी झाड हसत देऊन टाकलं.

कादंबरीनं दार उघडलं ते कानातला हेडसेट काढतच. पिशवीकडे तिचं लक्षच गेलं नाही. "काकू, परफेक्ट टायमिंग. साडेअकराला आईचा कॉल असतो. चला मागे, तुमचं झाड दाखवते."

मागच्या पायऱ्यांच्या सावलीत होस्टा होती. दहा घरांत मिळून एवढी जोमदार एकही नव्हती. फक्त आतल्या कोवळ्या पानांवर, शिरांच्या कडेनं, शाई झिरपावी तसे गडद डाग उमटले होते. कादंबरी कौतुकानं म्हणाली की गेल्या आठवड्यापासून ही नक्षी यायला लागलीय.

काकूंनी ते डाग ओळखले. गोड बोलून, पटकन सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी गाडीतच ठरवलं होतं. "कादंबरी, जरा ऐक," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर सांगलीतली खोली होती. कादंबरीची आई उशीला टेकून बसली होती, ओठांची एक बाजू ओघळलेली. शेजारी फोन धरून कादंबरीचा भाऊ विवेक. मार्चमध्ये आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेलेली. कादंबरीला जाता आलं नव्हतं. व्हिसाचा शिक्का संपलेला, नव्या शिक्क्यासाठी अपॉइंटमेंट मिळत नव्हती. एकदा इथून बाहेर पडली, की परत कधी येता येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कुणी विषय काढत नसे. काढून करणार तरी काय?

कादंबरीनं फोन झाडावर धरला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. काकूंना आधी कळेना काय चाललंय. मग पलीकडून घोगरा, ओढलेला आवाज आला, "ए...क." बोट पुढच्या पानावर गेलं. "दो...न."

कादंबरीनं हळू आवाजात काकूंना सांगितलं. डॉक्टरांनी आईकडून काहीतरी मोजून घ्यायला सांगितलं होतं. विवेकनं बोटं धरून पाहिली, चमचे मांडून पाहिले, आई तोंड फिरवायची. मे महिन्यात सहज झाड दाखवलं आणि तिनं पहिलं पान मोजलं. काल चौदापर्यंत पोचली होती.

आज पंधरा झालं. सोळाला आई अडखळली, विवेकनं तिचा खांदा धरला. सतरा आलं ते अर्ध्या मिनिटानं. अठरावं पान डागाळलेलं होतं. त्यावर कादंबरीचं बोट थांबलं आणि सगळेच थांबले. काकूही वाकून पानाकडे बघत होत्या. आपण कशाला आलो होतो, याचा त्यांना क्षणभर विसर पडला.

आई पानाकडे खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दमले. उरलेली... उद्या."

विवेकच्या हातातला फोन हलला. पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं आणि त्याच्या रडण्याचा आवाज आला.

"काकू, ऐकलंत?" कादंबरीनं त्यांचा दंड घट्ट धरला. "आकडा नव्हता तो. ती बोलली." तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. "पुढच्या वर्षी याला डबल पानं येतील ना? मला तिला शंभरपर्यंत न्यायचंय."

काकूंना स्वतःच्या दोन्ही हातांचा संताप आला. खरं सांगायला जीभ उचलेना. काळ्या पिशवीची त्यांनी लहानात लहान घडी केली आणि मुठीत दाबली.

"येतील की," त्या म्हणाल्या. "उद्या किती झाली, ते मला कळव."