सांगलीचा रिपोर्ट

"आण तो डबा. मोटार सुटंल," लालासाहेब म्हणाले.

हरणाबाईंनी नवऱ्याच्या हातात डबा दिला. मुलानं, कृष्णातनं, फौजेतून आणलेला सिगारेटचा पत्र्याचा डबा, वर फडकं घट्ट बांधलेलं. सून पुरुष डॉक्टरला पोट दाखवायला तयार नव्हती, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरनं निदान शौचाचा नमुना तरी आणा म्हणून सांगितलं होतं. पहाटे सासू-सुना परसाकडं गेल्या. येताना डबा सासूच्या पदराखाली होता. असल्या कामाला दुसरं कोण पुढं येणार?

दाराआड सून, मनुबाई, उभी होती. तीन महिने तिचं पोट ठिकाणावर नव्हतं.

"रोग निघाला तर हिला म्हसवडला म्हायेरी पोचवायची," लालासाहेबांनी पुन्हा बजावलं. "कृष्णात लढाईवरनं रजेवर यायच्या आत दुसरी पोरगी बघायची."

"आन न्हाई निघाला तर?" हरणाबाईंनी विचारलं.

"तर ऱ्हाईल. माझं काय तिच्याशी वैर हाय?"

कोळशावरची मोटार धूर सोडत गेली.

रिपोर्टला सहा दिवस होते; लालासाहेब सांगलीतच थांबले. हरणाबाई सुनेला ताकभात भरवत आणि स्वतः अर्धी भाकरी मोडून उठत. त्यांच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या. "सुनेच्या काळजीनं वाळली बाई," शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या. मनुबाईला फार अपराधी वाटलं.

सातव्या दिवशी लालासाहेब परतले. पटका काढून खुंटीला अडकवला.

"दुर्बिणीतनं मलाच दाखवलं डॉक्टरनं. केशरी ठिपकं नुसतं. खाल्ल्याली चरबी तशीच भाईर पडतीया. जठरामागं कसली गिरंथी असती, ती बंद पडलीया. भौतेक गाठ हाय म्हनला. वरीस निघालं तरी लय."

मनुबाईनं तोंडात पदर कोंबला. लालासाहेबांनाही वाईट वाटलं, पण शब्द फिरवणारा माणूस नव्हता तो.

"गठुडं बांध पोरी. सकाळच्या मोटारीनं जाऊ."

तिनं दोन लुगडी बांधली आणि सासूच्या पाया पडली. "आत्ती, काय चुकलं असंल तर..."

हरणाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. मग त्या खाली बसल्या, गाठोडं पुढ्यात ओढलं आणि गाठ सोडू लागल्या.

"अगं, काय करतीस?" लालासाहेबांनी विचारलं.

"ती कुटं जायची न्हाई. आवं, डब्यात तिचं नव्हतंच... माझं हुतं."