पत्त्याची पडताळणी

जिच्याकडं मी धुणीभांडी करते, ती मॅडम आज माझीच जुनी साडी नेसून माझ्या खोलीत बसली होती. मोठ्या शाळेतल्या गरिबांच्या राखीव जागेवर तिच्या मुलाचा नंबर लागला होता, माझ्या पत्त्यावर. माझी मुक्ता प्रतीक्षा यादीत होती. काम जाईल म्हणून मी गप्प होते.

पत्ता तपासायला साहेब आले. मॅडम म्हणाली, "आम्ही इथंच राहतो. ही शेजारीण." आणि सवयीनं पुढं म्हणाली, "मंदा, साहेबांना पाणी आण. ग्लास नीट विसळ."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी आम्हा दोघींकडं पाहिलं. मला वाटलं, लागला मुक्ताचा नंबर!

साहेब पाणी प्यायले आणि सही करून गेले.

त्या ग्लासात थुंकावंसं वाटलं. पण तोही मलाच घासायचा होता.