लोखंड लागलं तर

पोळा होऊन चार दिवस झाले होते. १९८१ साल. दवाखान्याच्या पायरीवर देवकाबाई बसली होती आणि शेजारी तिचे यजमान किसनराव भरलेली पिशवी हातात धरून उभे होते. सिंदीला जाणारी एसटी दहाला होती.

देवकाबाईच्या डाव्या छातीत कॅन्सरची गाठ होती. तुकडा काढून तपासून झाला होता आणि उद्या ऑपरेशन ठरलं होतं. पण काल गावाहून शेजारचे बाबाराव भेटायला आले आणि सांगून गेले, की चाकूचं लोखंड लागलं की हा रोग अंगभर पसरतो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? बाबाराव चहा पिऊन गेले आणि किसनरावांनी पिशवी भरली.

तपासणीच्या खोलीतून डॉ. विशाखा ताकसांडे बाहेर आली. देवकाबाईच्या गाठीचा तुकडा तिनंच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता.

"चालल्या, देवकाबाई?"

"बाई, मी वीस वर्सं निंदण करून राह्यली. कुंद्याले विळा लावला का तो दुप्पट फुटते. हेबी तसंच असन. मंग काऊन कापू देऊ?"

विशाखा हसली नाही. बाकीचे डॉक्टर या बाईला अडाणी ठरवून मोकळे झाले होते, आणि बाई तर वीस वर्षांचा अनुभव मांडत होती. विशाखाची आईही जन्मभर लोकांच्या वावरात निंदायला गेली होती. कुंदा हे काय चिवट गवत आहे, ते विशाखाला कुणी सांगायला नको होतं.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "पण तुमचा हा कुंदाच आहे कशावरून? या, पाहून घ्या."

"एसटी जाईन," किसनराव म्हणाले.

"जाऊ द्या. दुसरी येते." देवकाबाई उठलीसुद्धा.

आत नेऊन विशाखानं आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. देवकाबाईनं एक डोळा गच्च मिटला आणि दुसरा नळीला लावला. गुलाबी मांसात जांभळे ठिपके विखुरले होते. कुठे एकटे, कुठे एकामागे एक रांगेनं आत शिरत गेलेले.

"या पेशींनी एकमेकींचे हात सोडले आहेत," विशाखा म्हणाली. "सुटी झालेली पेशी वाट मिळेल तिकडे जाते."

"हा कुंदा," देवकाबाई पुटपुटली.

"आता ही तुमची काच."

इथे ठिपके एकमेकांना घट्ट चिकटून होते. मोठाले पुंजके, आणि पुंजक्याची कड सरळ. देवकाबाई कितीतरी वेळ पाहत राहिली. मग डोळा न काढताच तिनं विचारलं, "आन भोवतालची जमीन कशी हाय?"

विशाखा चमकली. रोग किती मोठा, किती दिवसांचा, जगेन की नाही, हे सगळेच विचारत. भोवतालच्या मांसाची चौकशी आजवर कुणीच केली नव्हती, मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. तिनं काच हळूच सरकवली आणि स्वतः पुन्हा नीट पाहिलं.

"जमीन घट्ट आहे, देवकाबाई. वाट देत नाहीये. आणि हे बारीक काळे ठिपके दिसतात ना? ते तुमच्याच रक्तातले राखणदार. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं राहावं तसे गर्दी करून उभे आहेत."

"मंग हा तरोटा हाय," देवकाबाई सरळ होत म्हणाली. "तरोटा उपटून येते. पन त्या मोठ्या डाक्टरले सांगजा, ढेकळासकट काढा म्हना. वरून खुडलं तं मी तितंच उठून बसन!"

"देवके, इचार कर," किसनराव पिशवी छातीशी धरून म्हणाले. "तू गेली तं मी काय करू?"

"म्हनूनच तं करून राह्यली," ती म्हणाली, आणि अंगठा उठवायला कागद मागितला.

ऑपरेशन झालं. मोठ्या डॉक्टरांनी भोवतालच्या चांगल्या मांसासकट अख्खी गाठ काढली. विशाखानं तिच्या चारी कडांचे काप केले, काखेतून काढलेल्या चौदा लसिकाग्रंथी तपासल्या, मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासल्या. नवव्या दिवशी सकाळी ती व्हरांड्यातून अक्षरशः पळत वॉर्डात आली.

"कुठेच नाही, देवकाबाई! कडा स्वच्छ, काखही स्वच्छ. कुठेच पसरलेलं नाही!"

किसनराव मटकन खाली बसले आणि वॉर्डभर ऐकू जाईल असे रडले. विशाखाला इतका आनंद झाला होता, की आपले डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही. देवकाबाई मात्र शेजारच्या खाटेकडे पाहत होती. तिथे पुलगावची मनकर्णाबाई होती. तिच्या गळ्यात गाठ होती, सुईनं तिचा नमुना घेऊन झाला होता, आणि मांडीवर तीन दिवसांपासून बांधून ठेवलेलं गाठोडं होतं. चाकूचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची.

देवकाबाईचा डावा हात छातीशी बांधलेला होता. ती खाटेवरून उतरली, उजव्या हातानं मनकर्णाबाईच्या मांडीवरचं गाठोडं उचलून किसनरावांच्या पुढ्यात टाकलं आणि तिचा हात धरून चालू लागली. विशाखा मागून धावली. तपासणीच्या खोलीपर्यंत देवकाबाई थांबली नाही. तिनं मनकर्णाबाईला स्टुलावर बसवलं.

"बाई, हिची काच लावा. हिले दाखवा."

विशाखा घुटमळली. मनकर्णाबाईची काच तिनं अजून पाहिली नव्हती. "काय निघेल ते सांगता येत नाही, देवकाबाई."

मनकर्णाबाईनं एक डोळा केव्हाच मिटून घेतला होता. देवकाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जे असन ते सांगा. आता आमी भेत नाई."