खिंडीतल्या कळा

भर दुपारी खिंडीतले एकवीस योद्धे पोट धरून खाली बसले. कुणालाही बाण लागला नव्हता. मागच्या झोपडीत दर्कीला कळा सुरू झाल्या होत्या.

एकनाळ नावाच्या या टोळीत येणाऱ्या प्रत्येकाच्या मानेत एक चकती बसवत. मग एकाची वेदना सगळ्यांत वाटली जाई. वाटलेल्या वेदनेने माणूस मरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. दर्की ही टोळीतली पहिलीच बाई.

"संध्याकाळपर्यंत शत्रू नदी ओलांडेल," म्होरक्या भिवशा कण्हत म्हणाला. "तिची चकती काढा."

"मूल आडवं आलंय," गावातून बोलावलेली सुईण तुळी ओरडली. "सगळी कळ तिच्या एकटीवर आली, तर ती वाचायची नाही."

"आणि आम्ही भाले कसे उचलायचे?"

कुणी येरझाऱ्या घालत होता, कुणी खडकाला पाठ घासत होता. तेवढ्यात म्हातारा मांगर म्हणाला, "माझा पाय मोडला तेव्हा हिने महिनाभर सोसलं. तेव्हाही लढाईच चालू होती. माझी चकती कुणी मागितली नव्हती."

भिवशा नदीकडे एकदा बघून झोपडीकडे वळला. मग म्हणाला, "झोळी बांधा."

दर्कीला झोळीत घालून, प्रत्येक कळेला थांबत, ते मागच्या रानात उतरले. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली खिंड शत्रूच्या हाती गेली.

सूर्य मावळताना कळ अचानक थांबली आणि बाळ रडलं. तुळीने ते दर्कीच्या छातीवर ठेवलं. त्याच क्षणी झाडांखाली पडलेले एकवीस जण एकदम हसू लागले. चकतीतून फक्त वेदनाच येते, असं ते आजवर समजत होते.