ऐंशी टक्के

साखर कारखान्यातून निवृत्त झालेला वायरमन एउलोहियो नातीच्या लॅपटॉपवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचा. बॅटरी टिकावी म्हणून ती ऐंशी टक्के भरली की चार्जर काढायचा, वीसच्या खाली उतरू द्यायचा नाही, गादीवर ठेवून तापवायचा नाही. "आजोबा, तान्हं बाळ आहे का ते?" यारेमिस चिडायची. सहा वर्षांनी क्यूबातल्या सांतियागोच्या विद्यापीठात ती आपल्या पुलाचा आराखडा परीक्षकांपुढे मांडत असताना वीज गेली. अशा वेळी इतरांचे लॅपटॉप दहा मिनिटांत मान टाकायचे आणि परीक्षा पुढे जायची. "तुलाही पुढची तारीख देऊ?" परीक्षकबाईंनी विचारलं. "नको, बाई. अजून दोन तास चालेल." "नवी बॅटरी?" "सहा वर्षांची. आजोबांनी जपलीय." तिने बोट दाखवलं तसे सगळे मागच्या बाकावर बसलेल्या आजोबांकडे वळले. एउलोहियोचा ऊर भरून आला, तरी तो खेकसला, "माझ्याकडे काय बघताय? पोरगी पूल बांधतेय, तिकडे लक्ष द्या!"