न घटणारं तेल

मोटरसायकलची तेलगळती थांबली तर इद्रीसचा फायदा उघड होता. मालिक छेदीलालने चारचौघांत शब्द दिला होता, गाडी कोरडी करून दाखव, मग मेळा कुठलाही असो, या विहिरीचा मिस्त्री तूच. नाही जमलं तर बनारसचा मिस्त्री येणार होता. शहनाजचा फायदा त्याहून मोठा होता. मौत का कुआँच्या, म्हणजे या लाकडी विहिरीच्या, उभ्या फळ्यांवर ननकूच्या मागोमाग तिची गाडी चढायची, आणि काल तिचं मागचं चाक तेलाच्या थेंबावरून वीतभर सरकलं होतं. ननकूचा फायदा कुणी मोजलाच नाही. गाडी तोच चालवतो म्हटल्यावर त्याचाही असणारच.

इद्रीस गाडीखाली उताणा पडला होता. गॅस्केट नवं, सील नवे, तळाचा बोल्ट नीट आवळलेला. तरी प्रत्येक खेळानंतर इंजिनच्या पोटाशी एक काळा थेंब लोंबत असायचाच. त्याने इंजिनातलं तेल मोजायची काडी ओढून पाहिली. तेल जिथल्या तिथे. गळत होतं, पण घटत नव्हतं. खर्च चालू आणि शिल्लक तेवढीच, असा व्यवहार त्याने अख्ख्या बलियात पाहिला नव्हता.

“ही युक्ती माझ्या म्हशीला शिकव,” छेदीलाल म्हणाला. “दूध द्यायचं आणि आटायचं नाही.”

इद्रीसने गाडी पेट्रोलने धुतली, पुसली, आणि शहनाजकडे पावडरचा डबा मागितला.

“कुणाला लावायचीय?”

“गाडीला.”

“लाव बाबा. तुझ्या हातून दुसऱ्या कुणाचा शृंगार व्हायचा नाही.”

त्याच्या उस्तादाचा धडा होता. थेंब लोंबतो तिथे बघू नकोस. ओल सगळ्यात वर कुठे आहे ते बघ. पांढऱ्यावर तेल आपला रस्ता आपण काढून दाखवतं.

ननकूने पांढरीफेक गाडी पाहिली आणि तो थबकला. “धुऊन टाक रे,” तो म्हणाला. “लोक हसतील.”

“एकच खेळ, भैया.”

 चहाचा पेला दोन्ही तळव्यांमध्ये धरून ननकूने सावकाश संपवला. थंडीच तशी होती.

गंगेवरचं धुकं त्या दुपारी विहिरीत उतरलं होतं. इद्रीस तळाशी मान वर करून उभा राहिला. काठावर लोकांचे चेहरे दिव्यांच्या माळेसारखे पुसट दिसत होते. पांढरी गाडी फळ्यांवर चढली, आडवी झाली, फिरू लागली. तिच्या अंगावरून पावडर उडाली आणि धुक्यात तिचं एक कडं तयार झालं. ते विरेना. फळ्या श्वास घेतल्यासारख्या हलत होत्या. ननकूने मुठीवरची रेस एका जागी अडकवायचा स्क्रू फिरवला. तो यंदाच त्याने इद्रीसकडून बसवून घेतला होता. मग त्याने दोन्ही हात पसरले आणि सारस पक्ष्यासारखा तो काठाशी तरंगत राहिला. लोकांनी पुढे केलेल्या नोटा तो दातांनी उचलत होता. गेल्या साली हाताने खुडायचा, फुलं खुडावीत तशा. यंदाचं हे दातांचं काम बघायला छपरा शहरातून लोक येत होते. पन्नाशीत याचं काळीज वाढलं, असं सगळे म्हणत.

खेळ संपला. ननकू कनातीमागे गेला. इद्रीस गाडीपाशी गुडघ्यांवर बसला.

तळाशी काळा थेंब होता. त्याच्यावर ओली रेघ होती. रेघ गॅस्केटला वळसा घालून वर गेली. सिलिंडरच्या कडेने वर गेली. तिथून ती काळी उरली नाही, पिवळी झाली. टाकीवरून भांगासारखी सरळ वर चढली आणि उजव्या मुठीखाली थांबली. इंजिनच्या तेलाला तिथे असायचं काही कारणच नव्हतं. पेट्रोलने इद्रीसचं नाक कधीच मेलं होतं. त्याने बोट जिभेला लावलं. मोहरी, लसूण, ओवा. लहानपणी असल्याच तेलाने आजोबांचे दुखरे गुडघे चोळून त्याच बोटांनी तो भाकरी खायचा.

कनातीमागे ननकू बाही वर सारून बसला होता. मनगट वांग्यासारखं सुजलेलं. तेलात भिजवलेली चिंधी तो डाव्या हाताने गुंडाळत होता. चिंधीचं दुसरं टोक दातांत होतं.

“सापडलं?” त्याने मान वर न करता विचारलं.

“सापडलं. कधीपासून?”

“सावनपासून. मूठच वळत नाही.” त्याने गाठ मारली. “मालिकला कळलं तर आज संध्याकाळीच गाडीभाडं हातात ठेवील. लुळा माणूस त्याला तिकिटाच्या खिडकीतसुद्धा चालत नाही.”

“आणि शहनाज?”

ननकूने चिंधीचं टोक गाठीत खोचलं. “उद्यापासून तेल कमी लावीन,” तो म्हणाला.

इद्रीस परत आला. त्याने फडक्याने ती रेघ वरून खालपर्यंत पुसून काढली. पान्याला लोखंडी नळी जोडली, गाडीखाली सरकला आणि तळाचा बोल्ट आणखी आवळला. मग आणखी. अक्रोड फुटावा तसा आवाज झाला.

“काय निघालं?” छेदीलालने विचारलं.

“इंजिनचं खोकं तडकलंय. आता ही भिंतीवर चढायची नाही.”

“तडकलं कशाने?”

“माझ्याने. बोल्ट जास्त आवळला गेला.”

छेदीलालने आधी त्याच्या आईचा उद्धार केला, मग त्याच्या उस्तादाचा. शेवटी म्हणाला, हत्यारं उचल आणि चालायला लाग. कनातीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या ननकूला मात्र तो हळू आवाजात म्हणाला, “तू मनाला लावून घेऊ नकोस. नवी गाडी येईपर्यंत मचाणावर बस, भोंग्यात बोल. लोक तुझं नाव ऐकून येतात.”

इद्रीसने पाने पिशवीत भरले. जाता जाता सवयीने त्याने काडी ओढून पाहिली. या मेळ्यात पहिल्यांदाच तेल घटलं होतं.